आईच्या कुलपांसाठी घडवलेले आकडे

आईने पहिलं कुलूप लावलं ते औषधांच्या डब्याला. कडी-कोयंड्याचा स्टीलचा डबा, माझ्या लग्नात आलेला, आणि त्यात तिच्याच प्रेशरच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या. सकाळी उपाशीपोटी द्यायची गोळी काढायला गेले, तर कडीत पितळी कुलूप. चावी कुठे म्हणून विचारलं. तिने कमरेला हात लावला, तिथे काही नव्हतं, मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मलाच म्हणाली, "तू घेतलीस काय?"

ती आमच्याकडे बोईसरला येऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. आमचं गाव समुद्राकडचं, चिकूच्या वाड्यांचं. वडील गेल्यापासून वाडी भाऊ बघतो. तो आणि वहिनी दिवसभर झाडांत असायचे आणि आई घरात एकटी. एकदा ती गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसली. एकदा रिक्षात बसून वाणगावला गेली आणि लग्नाआधी ती ज्या मिरचीच्या वाडीत कामाला जायची ती वाडी शोधत फिरली. रिक्षावाला ओळखीचा होता, त्याने माघारी आणून सोडलं. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं की हा विसर आता वाढतच जाणार, यांना एकटं ठेवू नका. भावाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, इकडे घेऊन ये.

मी तेव्हा घरीच होते. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड केलेल्या मोजक्या मुलींपैकी मी एक. एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये लागले आणि तिथेच राहिले. आधी डाय म्हणजे साचे आणि माप तपासायचे गेज घडवायचं काम, नंतरची बरीच वर्षं ते तपासायचं. कंपनीने आपला पसारा गुजरातला हलवला तेव्हा ज्यांना जमलं ते गेले. मी गेले नाही. नवरा औषधांच्या कंपनीत शिफ्टला होता, सालवडच्या बाजूला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता आणि मुलगी नुकतीच पुण्याला नोकरीला गेली होती. घरी बसण्याचं मला वाईट वाटलं नाही, पण हात रिकामे राहिले की अंगात कसंतरी व्हायचं. म्हणून बाल्कनीत कठड्याशी एक लहान वाईस, वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा, बसवून घेतला होता. कुणाच्या विळीचं पातं, कुणाच्या मिक्सरचं भांडं, असलं काहीबाही मी तिथे दुरुस्त करत असायचे.

औषधांच्या डब्यानंतर आईने तिच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप लावलं, मग तांदळाच्या पिंपाला, मग देव्हाऱ्याखालच्या खणाला. गावाहून येताना तिने पिशवीभर कुलपं बरोबर आणली होती हे आम्हाला उशिरा कळलं. चाव्या ती लपवायची आणि कुठे लपवल्या ते विसरायची. एक तांदळात सापडली, एक तुळशीच्या मातीत, एक माझ्या नवऱ्याच्या बुटात, तीही तो कामावर पोचल्यावर टोचली म्हणून. मी दुसऱ्या चाव्या करून घेतल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. आईला त्या सापडल्या. तिने त्याही लपवल्या.

महिन्याच्या शेवटी भाऊ चिकूची पाटी घेऊन आला. नेमकं त्या दिवशी आईने फ्रिजच्या दाराला साखळी गुंडाळून कुलूप घातलं होतं. भाऊ तसा प्रेमळ आहे, पण त्याला कुठलीच गोष्ट हळू करता येत नाही. त्याने माझ्याकडून हातोडी आणि छिन्नी घेतली आणि दोन घावांत कुलूप फोडलं. आई आतून आली. जमिनीवर पडलेलं कुलूप तिने उचललं, त्याची तुटलेली कडी बोटाने चाचपली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ते तिच्या मुलानेच फोडलं होतं हे तिच्या डोक्यात शिरेना. घरात चोर शिरला एवढंच तिला कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती पेटीवर बसून राहायची. आंघोळीला जाताना कपड्यांची पिशवी आत न्यायची. जेवण समोर ठेवलं तर आधी दाराकडे बघायची. भावाला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला काय माहीत होतं गं."

पुढच्या वेळी स्टेशनजवळ बसणाऱ्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने एक वाकडी तार आणि एक पट्टी आत घातली, दोनदा हलवली, आणि पेटी उघडली. आई दारात उभी राहून बघत होती. तो गेल्यावर तिने आपली पातळं पिशवीत भरायला घेतली. म्हणाली, "मी गावाला जाते. या घरात कोणपण येतं नि कुलपं खोलून जातं." तिचं काही चुकत नव्हतं. समजूत घालायला मला संध्याकाळ लागली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुलूप फोडून चालणार नव्हतं आणि बाहेरचा माणूस आणूनही चालणार नव्हतं. आई झोपलेली असताना किंवा नवऱ्याबरोबर खाली बाकावर बसलेली असताना कुलूप उघडायचं, गोळी घ्यायची, कुलूप परत लावायचं, आणि तिला कळू द्यायचं नाही. हे मलाच शिकायला हवं होतं.

नवऱ्याला सांगितलं. तो कुठल्याही गोष्टीचा पहिल्यांदा नियम काय आहे ते विचारतो. पालघर कोर्टात काम करणाऱ्या त्याच्या ओळखीच्या वकिलांना त्याने फोन लावला. ते हसले. घर तुमचं, कुलपं तुमची, शिकू द्या, फक्त ती हत्यारं पर्समध्ये घालून गावभर फिरू नका म्हणावं, असं म्हणाले. नवऱ्याचं समाधान झालं. माझी पर्स मात्र तो पुढे बरेच दिवस अधूनमधून संशयाने बघायचा.

मोबाइलवर शोधलं तर दिसलं की जगभरात लोक हे छंद म्हणून करतात. एका व्हिडिओत कुणा परदेशी माणसाचे फक्त हात दिसायचे, जाड बोटांचे, आणि आवाज अगदी शांत. तो सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगायचा. जे कुलूप आपलं नाही ते मालकाला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्याच्यावर सराव करायचा नाही. पहिली गोष्ट ऐकून मी व्हिडिओ थांबवला. डबा माझा, पण कुलूप आईचं होतं. तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मग पेटीवर बसून राहिली असती. मी बराच विचार केला आणि स्वतःपुरतं ठरवलं की आत जे तिच्या गरजेचं आहे तेवढ्यासाठीच उघडायचं. तिच्या पेटीतल्या बाकी कशाला हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही.

ऑनलाइन कुलूप उघडायच्या आकड्यांचा एक संच मागवला. कुरिअरने आला तो खेळण्यासारखा निघाला. पत्रा मऊ, कडा धारदार, दुसऱ्याच दिवशी त्यातला एक आकडा वाकून बसला. मी तो वाईसमध्ये धरून सरळ केला आणि म्हटलं, आयुष्यभर पोलाद घासलं ते कशासाठी?

जुनी हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, पाती माझ्याकडे होतीच. त्यांचे दात घासून काढायचे, मग पट्टी अरुंद करत न्यायची, आणि टोकाला हवा तो आकार द्यायचा. आकार साधाच, म्हातारं माणूस बोट किंचित वाकवून दाखवतं तसा. ग्राइंडरवर धरलं की पातं तापतं, आणि निळं पडलं की त्यातला ताठपणा गेला, म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेवून दर घासणीला बुडवायचं. मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर. दुसरी लागते ती वळवायची पट्टी, कुलूप चावीने फिरतं तसा त्याला बाजूने हलका ताण देणारी. ती मी गाडीच्या वायपरच्या रबरात असते त्या लवचिक पट्टीची केली. सालवडच्या गॅरेजवाल्याकडे जुन्या वायपरांचा ढीग पडला होता. त्याने "ले जाओ मॅडम" म्हणून मूठभर दिल्या, कशाला हव्यात ते विचारलंही नाही.

पहिले आकडे मी गेज बनवावं तसे बनवले. व्हर्नियरने बारीक माप घेऊन, दोन्ही बाजू सारख्या, कोपरे काटकोनात. दिसायला सुंदर आणि कामाला निरुपयोगी. जाडी जास्त झाली होती, कुलपात जाऊन हलायला जागाच उरत नव्हती. पुढचे पातळ केले तर टोक मोडलं. मग व्हर्नियर खणात ठेवून दिला आणि घासायचं, कुलपात घालून बघायचं, काढायचं, परत घासायचं असं सुरू केलं. मूठ कशी असावी हेही असंच कळत गेलं. आधी नुसतं पातं धरायचे, त्याने बोटं बधिर व्हायची. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, तर सगळं रबरातच मुरलं, आतलं काही जाणवेना. शेवटी गोधडी शिवायचा दोरा गुंडाळला. तो बरोबर बसला.

कुलपाच्या आत काय असतं ते मी एक जुनं कुलूप आडवं कापून बघितलं. लहान लहान पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर केसासारखी स्प्रिंग. बरोबर चावी गेली की सगळ्या पिना एका रेषेत येतात आणि आतली नळी फिरते. चावी नसेल तर एकेक पीन वर ढकलून तिच्या जागी बसवायची. बसली की बोटाला अगदी सूक्ष्म टिक जाणवते. कानाने ऐकू येत नाही. हे मला कळायला बरेच आठवडे लागले. बाल्कनीच्या जाळीचं जुनं कुलूप मांडीवर घेऊन मी रोज बसायचे आणि काही व्हायचं नाही. एका दुपारी आई टीव्हीसमोर पेंगत होती, मी कुलूप हातात धरून उद्या डाळ भिजवायची आहे याचा विचार करत होते, आणि कडी आपोआप वर उडाली. मी ते परत लावलं आणि परत उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. संध्याकाळी उघडलं. नवरा कामावरून आला तेव्हा मी दारातच त्याला उघडून दाखवलं. त्याने बूट काढता काढता बघितलं, छान म्हणाला, आणि मग म्हणाला, "हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगू नकोस."

सांगायची वेळ आलीच नाही, आवाजानेच सांगितलं. दुपारी कानशीचा आवाज होतो म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली आणि सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बाल्कनीत तारेला ओळीने अडकवलेली कुलपं, कापलेलं कुलूप, कपड्यावर मांडलेले आकडे, सगळं त्यांनी बघितलं. मी काही लपवलं नाही. आईचं सगळं सांगितलं. ते चहा प्यायले, दुपारी दोन तास कानस बंद ठेवा एवढंच म्हणाले आणि गेले. पण पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यातल्या दोन दारांवर नवीन कुलपं चढली. एक तर आमच्या समोरच. नवऱ्याला याचा फार त्रास झाला. तो त्या शेजाऱ्यांशी तीन-चार महिने धड बोलला नाही. मला राग आला नाही. कुलूप चांगलं होतं, मी जाता-येता बघायचे.

आईची कुलपं मला आता जमायला लागली होती. सकाळी ती आंघोळीला गेली की औषधांचा डबा. दुपारी पडली की तांदळाचं पीप. उघडायचं, काढायचं, होतं तसं लावून ठेवायचं. तिने कुलपाची कडी डावीकडे ठेवली असेल तर डावीकडेच. ती उठून एक फेरी मारायची, एकेक कुलूप ओढून बघायची आणि निवांत व्हायची. पेटीवर बसणं हळूहळू थांबलं. जेवायला लागली. डब्यातून गोळी आली कुठून हा प्रश्न तिला पडत नव्हता, मी हातावर ठेवली की ती घ्यायची. पावसाळा असाच गेला.

मग एक दिवस तिने कवळी पेटीत ठेवली. सकाळपासून तोंड मिटून बसली होती, चहात बिस्किट बुडवून दिलं तेवढं खाल्लं. दुपारी ती झोपल्यावर मी पेटीसमोर मांडी घातली. ते कुलूप सगळ्यात हट्टी होतं, गावच्या खाऱ्या हवेत आतून गंजलेलं. आकडा एकदा अडकला, सोडवला, परत सुरुवात केली. किती वेळ गेला मला कळलं नाही. मान वर केली तर आई कुशीवर वळून डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी आकडा तसाच धरून राहिले. आता ती ओरडेल, पिशवी भरेल, असं वाटलं.

"काय करतेस गो?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं सुचलं नाही. "तुझे दात आत राहिलेत आई. चावी मिळत नाही. म्हणून उघडते आहे."

ती उठून बसली. पदर सारखा केला. मला वाटलं होतं तशी ती घाबरलेली दिसत नव्हती. म्हणाली, "चोर असा मांडी घालून बसत नाय." मग पलंगावरून खाली उतरून माझ्या शेजारी बसली, गुडघे धरून, हळूहळू. "आण इकडं. बगू दे."

मी तिच्या हातात आकडा दिला आणि पट्टी माझ्याच हाताने धरून ठेवली. तिने आकडा आत घातला. मी सांगायला लागले की वर ढकल, हलकेच, तर तिने मला गप्प बस अशी मान हलवली. डोळे मिटून घेतले. तिची बोटं सांध्यात वाकडी झालेली आहेत, पण त्यांची टोकं तेव्हाही मऊ होती. वाणगावच्या वाडीत लग्नाआधी ती मिरच्यांचे देठ काढायला बसायची, ढीगच्या ढीग. देठ निघाला पाहिजे आणि मिरची फाटता कामा नये. तिने स्वतःच तो विषय काढला. "मिरचीसारखं हाय," म्हणाली. "जोर नाय करायचा."

ते कुलूप त्या दिवशी तिच्याने उघडलं नाही. शेवटी मीच उघडलं आणि कवळी तिला दिली. तिने ती धुऊन बसवली आणि म्हणाली, परत लाव. मी कुलूप परत लावलं. तिने परत आकडा मागितला.

दुसऱ्या दिवशी तिला यातलं काही आठवत नव्हतं. पण मी बाल्कनीत कुलूप घेऊन बसले तशी ती आली आणि हात पुढे केला. मग रोजचंच झालं. नवऱ्याने तिच्यासाठी लाकडी स्टूल आणलं. मी तिच्यापुरता वेगळा संच घडवायला घेतला. माझा आकडा तिच्या बोटांत फिरायचा, म्हणून मूठ जाड केली, बाभळीच्या लाकडाच्या दोन पट्ट्या लावून वर दोरा. लांबी कमी केली, कारण तिचा हात थरथरायचा आणि लांब पात्याच्या टोकाला ती थरथर वाढायची. वळवायच्या पट्टीला अंगठा टेकायला जागा केली. हे करताना मला कंपनीतल्यापेक्षा जास्त विचार करावा लागला. तिथे ड्रॉइंग यायचं. इथे तिचा हात दिवसागणिक बदलत होता आणि गेल्या आठवड्यातली मूठ या आठवड्यात चालत नव्हती. सोप्या कुलपांतल्या काही पिना मी काढून टाकल्या, एका कुलपात दोनच ठेवल्या, म्हणजे तिला ते जमेल.

त्या दोन पिनांच्या कुलपाची कडी पहिल्यांदा वर आली तेव्हा ती दचकली. कुलूप उलटंसुलटं करून बघितलं. मग ते मला दाखवलं, मी पाहते आहे ना याची खात्री केली आणि हसली, कवळी दिसेपर्यंत. आदल्या दिवशी काय केलं हे तिला आठवत नसल्याने प्रत्येक वेळी कडी वर आली की तिला ती पहिलीच वेळ वाटायची. मला सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. हात मात्र विसरले नव्हते, ते रोज आदल्या दिवसापेक्षा थोडे हुशार व्हायचे. तीन पिनांचं कुलूप जमलं, मग चारचं. आणि एक गोष्ट मी आणि नवऱ्याने एकदमच बघितली. ती घरातल्या वस्तूंना नवीन कुलपं लावायची थांबली होती. जी होती ती होती, पण नवं एकही नाही. चार कुलपं मांडीवर असली की बाकीच्यांची तिला आठवण येत नसावी.

भाऊ दिवाळीनंतर आला. ते हातोडीचं प्रकरण झाल्यापासून तो आला की बाहेरच्या खोलीतच बसायचा, आईसमोर आवाज चढू नये याची काळजी घ्यायचा. आई बाल्कनीत स्टुलावर बसली होती, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर कुलूप. त्याने दारातून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जा ना, बस तिच्याजवळ. तो खाली फरशीवर बसला. आईने त्याला ओळखलं की नाही सांगता येणार नाही. तिने त्याच्या हातात आकडा, पट्टी आणि कुलूप दिलं, आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या द्यावा तसं.

त्याने घेतलं आणि घुसवलं. पट्टी वाकली. चिकूच्या फांद्या वाकवणारे हात ते. आईने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला.

"जोर नको लावूस पोरा," ती म्हणाली. "हात हलका ठेव. आत काय हाय ते आदी कळू दे."

तो थांबला. तिचा हात त्याच्या मनगटावर तसाच होता. त्याने परत प्रयत्न केला, हळू, जीभ दातात धरून, लहानपणी पतंगाला कन्नी बांधताना धरायचा तशी. उघडलं नाहीच. आईने कुलूप त्याच्याकडून घेतलं, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने कडी वर आली. भावाने कुलपाकडे बघितलं नाही. तो उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. मी त्याच्या मागे गेले. त्याने मला एवढंच विचारलं की हे तू तिला शिकवलंस का. मी म्हटलं, मी हत्यार बनवलं, शिकवलं नाही. तो नेहमी जेवून लगेच निघायचा, त्या दिवशी राहिला. संध्याकाळी दोघं बाल्कनीत होते. आई उघडत होती आणि तो लावून देत होता.

हे सगळं साधारण वर्षभर चाललं. मग आईच्या हातातली थरथर इतकी वाढली की आकडा कुलपाच्या तोंडाशीच अडखळायला लागला. मी मूठ आणखी जाड केली, एका पिनेचं कुलूप केलं. काही दिवस ते चाललं. नंतर ती कुलूप नुसतं हातात धरून बसायची, अंगठ्याने चावीचं भोक चाचपायची. नंतर मांडीवर ठेवलं तर ते काय आहे हे तिला कळेना. एकदा तिने ते बटाट्यांच्या टोपलीत नेऊन ठेवलं. त्या दिवशी मी तिचा संच फडक्यात गुंडाळून माझ्या खणात ठेवला.

घरातल्या वस्तूंवर तिची कुलपं अजून होती. रोजची फेरी तिने कधी बंद केली हे माझ्या लक्षात राहिलं नाही. एका सकाळी डबा उघडून गोळी काढली आणि सवयीने कुलूप परत लावताना जाणवलं की आता हे बघणारं कुणी नाही. तरी अजून काही दिवस मी लावत राहिले. मग एका रविवारी नवरा घरी असताना आम्ही ती काढायला घेतली. औषधांच्या डब्याचं, तांदळाच्या पिंपाचं, देव्हाऱ्याच्या खणाचं. तोपर्यंत काही चाव्या सापडल्या होत्या, पण मी चाव्या वापरल्या नाहीत. का ते नवऱ्याने विचारलं नाही. पेटीचं गंजलेलं कुलूप शेवटी घेतलं. ते त्याच्या सवयीने हट्ट करत राहिलं आणि उघडलं. पेटीत कवळीपलीकडे मी कधी काही बघितलं नव्हतं, त्या दिवशीही झाकण वर केलं नाही. कुलूप तेवढं काढून घेतलं आणि कडी नुसती अडकवून ठेवली.

आई पलंगावर बसून आमचं काम बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि कानशीने घट्टे पडलेली बोटं एकेक करून दाबून बघितली. काय काम करतेस म्हणून विचारलं. मी सांगितलं, हत्यारं बनवते. तिला ते पटलं असावं. मान हलवून म्हणाली, "बरं हाय. हातात काम पायजे." मग तिने चहा मागितला, आणि नवरा उठून चहा टाकायला गेला.